अकरा वर्षांच्या नवीन मॅडम

४ जून

प्रिय ताई,

फोन केला असता तर तू मध्येच "हळू बोल, हळू बोल" करत बसली असतीस, म्हणून पत्रच लिहितेय. शिवाय आपली पत्रांची खोड मोडायची नाही असं ठरलंय. अक्षराला नावं ठेवू नकोस, घाईत लिहितेय.

आमच्या कॉलेजात भूगोलाची पूर्णवेळ जागा निघाली. एकच, पण कायम. सूचनाफलकावर कागद लागला तेव्हा मी तो तीनदा वाचला. तरी विश्वास बसेना, म्हणून ग्रंथपालबाईंना मोठ्यानं वाचायला लावला. त्या म्हणाल्या, आता तरी तुम्हाला बसायला खुर्ची मिळेल. तुला माहितीच आहे, मी अकरा वर्षं शिक्षकखोलीच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसतेय. तासावर शिकवणाऱ्यांना कपाट नाही, खण नाही. नकाशांची गुंडाळी काखेत, पिशवी खांद्यावर, असा माझा संसार चालता. दरवर्षी सगळ्या शिक्षकांचा एकत्र फोटो निघतो, त्यात मी नसते, कारण तो काढते मी.

आणि "नवीन मॅडम" प्रकरण तुला सांगितलंय ना? पुन्हा सांगते, कारण मला त्याचं हसू आवरत नाही. उन्हाळ्यात आम्हाला सोडून देतात आणि कॉलेज उघडल्यावर परत बोलावतात. वेळापत्रक छापतात तेव्हा माझी नेमणूक झालेली नसते, म्हणून भूगोलाच्या रकान्यात नावाच्या जागी "नवीन" असं घालतात. पुढे वर्षभर ते कोणी बदलत नाही. मुलांना वाटतं तेच माझं नाव. गेल्या वर्षी एका मुलीनं अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, नवीन हे तुमचं नाव की आडनाव?"

तर अट अशी आहे की सलग दहा वर्षं शिकवल्याचा दाखला पाहिजे. माझी अकरा आहेत, म्हणजे वर एक उरतं. पंधरा जुलैच्या आत अर्ज द्यायचा. आमचे चष्मेवाले (तुझे मेहुणे, दुसरं कोण) दुकानात येईल त्याला सांगत सुटलेत. सासूबाई मात्र शेजारणीला म्हणाल्या, सून अजून कॉलेजात जाते. शेजारीण म्हणाली, अजून पास नाही झाली?

तू आपल्या घरातली एकमेव कायम माणूस. तू कायम झाल्याचा तो आदेश असतो ना, त्याची एक प्रत पाठव. भाषा कशी असते ते बघायचंय. आणि मुलाखतीत तुला काय काय विचारलं, सगळं लिही.

तुझी टिल्लू


९ जून

प्रिय टिल्लू,

पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिला सांग आधी पोटभर जेव आणि झोप, मग अर्ज भर. नवरे लोकांची अक्कल इथवरच.

आदेशाची प्रत आत्ता मिळणं कठीण आहे. घरात रंगकाम चाललंय, कपाटं भिंतीपासून सरकवून ठेवलीत, कुठली फाईल कुठे गेली देव जाणे. आणि जुन्या मुलाखतीत विचारलेलं मला आता काही आठवत नाही.

त्यापेक्षा कामाचं ऐक. दाखल्यासाठी तोंडी बोलू नकोस, अर्ज लिहून दे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक मारून घे. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीआधी जाऊ नकोस, त्या वेळी माणसं घड्याळाकडे बघत असतात. साहेबांच्या दारात उभी राहून वाट बघू नकोस; तिथे उभं राहिलं की आपण काही मागायला आलोय असं दिसतं. आणि मुख्य म्हणजे "मी फक्त तासावर आहे हो" असं कसनुसं हसून सांगायची जी सवय लागते ना आपल्याला, ती सोड. त्या हसण्यानं माणूस वर्षावर्षानं अर्धा होत जातो.

भूगोल तुझ्याइतका कोणी प्रेमानं शिकवत नाही. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, भूगोलाचीच बाई म्हणून म्हणतेय. तुला घ्यायला हवं आणि घेतील.

तुझी ताई


१५ जून

ताई,

सगळं मुसळ केरात.

तू सांगितलंस तसंच केलं. लेखी अर्ज, आवक क्रमांक, जेवणाच्या सुट्टीनंतर. आमच्या मुख्य लिपिकांना मुलं शिक्काकाका म्हणतात, कारण कॉलेजचा शिक्का त्यांच्या खणात कुलपात असतो आणि किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांनी माझी शेवटच्या पाच वर्षांची नेमणूकपत्रं नीट पाहिली आणि म्हणाले, या पाच वर्षांचा दाखला आत्ता देतो. आधीच्या सहांचं काय?

आधीच्या सहा वर्षांत पत्र कोण देत होतं? जुने प्राचार्य जिन्यात भेटायचे आणि म्हणायचे, सोमवारपासून या. झाली नेमणूक. मस्टरवर आमचं नाव नसायचं, सुट्या कागदावर सही करायचो, आणि तो कागद वर्षअखेरीस रद्दीत. शिक्काकाकांनी जुनी वेळापत्रकं काढली. सहाच्या सहा वर्षं भूगोलापुढे एकच शब्द, नवीन. ते म्हणाले, "बाई, तुम्ही इथे होतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझे डोळे जोडपत्र म्हणून लावता येत नाहीत."

मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. ताई, सहा वर्षं मी त्या खोल्यांत घसा कोरडा केला. पाय सुजलेले असताना तीन जिने चढले. आणि कागदोपत्री तिथे कोणीच नव्हतं. चिडले असते तर बरं वाटलं असतं, पण मला शरम वाटली, आणि ती का वाटली तेही कळत नाही. तास होता म्हणून डोळे पुसून वर्गात गेले. ऋतू कसे होतात ते शिकवलं. मुलांनी पृथ्वी कलली म्हणून माना तिरक्या केल्या, सगळ्या वर्गानं एकदम. मला भर तासात हसू फुटलं.

जुने प्राचार्य हयात असते तर त्यांनी लिहून दिलं असतं. देवमाणूस. माझ्या बाळंतपणात तीन महिने जागा धरून ठेवली होती त्यांनी माझ्यासाठी, तासावरच्या बाईसाठी असं कोण करतं? तू आली होतीस तेव्हा. तुझं तरी काय, बाळंतीण बहिणीला सोडून रोज दहा वाजले की ग्रंथालयात पळायचीस. तो राग अजून आहे हां माझा.

आता काय करू?

टिल्लू


१९ जून

प्रिय टिल्लू,

रडून झालं असेल तर पुढे वाच.

तू भूगोल शिकवतेस. भाषा शिकवत असतीस तर मी हात टेकले असते. पण भूगोलाला प्रात्यक्षिकाची वही असते. जर्नल! दर नकाशा, दर आलेख तपासून शिक्षिकेनं खाली सही करायची आणि तारीख घालायची, नाहीतर मुलाला परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे गेली अकरा वर्षं तू दर आठवड्याला ढीगभर कागदांवर तारखेसकट सह्या करत आलीस. तुझं मस्टर मुलांच्या घरी आहे.

एका वर्षाची एक वही मिळाली तरी पुरे. मुलं जर्नल सहसा टाकत नाहीत, इतके तास घासलेलं असतं त्यात. माळ्यावर, पेटीत, गादीखाली, कुठेतरी असेल. शोध.

खरं म्हणजे ज्या वर्षी बाळ झालं त्या वर्षाच्या वह्यांच्या मागे फार लागू नकोस. पहिल्या वर्षापासून धर, मिळतील तेवढ्या मिळतील.

तुझी ताई


३० जून

ताई गं,

हे पत्र मी चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर लिहितेय, कारण घरी बसायला जागा नाही. सगळीकडे जर्नल आहेत!

मी फक्त चार मुलांना फोन केले होते. त्यांनी आणखी चौघांना केले. आता पोरंपोरी दाराशी येऊन उभी राहतात, कोणाच्या कडेवर मूल आहे, कोणाला टक्कल पडायला लागलंय, आणि आल्याबरोबर विचारतात, नवीन मॅडम इथेच राहतात का? सासूबाई पहिले दोन दिवस "नाही, इथे जुनीच सून आहे" म्हणून परत पाठवत होत्या.

एक जण बस चालवतो. त्याच्या आईनं जर्नल चपलांच्या कपाटाच्या तळाला अंथरलं होतं, त्यावर चपलांचे ठसे आहेत. एक परिचारिका झालीय, तिनं माझा शेरा पाठ म्हणून दाखवला, "तुझ्या रेषा सरळ आहेत, तूही राहा." मी असं लिहिलं होतं हे मला आठवतही नाही. ती म्हणाली, ड्यूटीवर कोणी ओरडलं की मी ते मनात म्हणते. ताई, मला वाटायचं माझा तास संपला की फळ्यावरचं पुसतात आणि मीही पुसली जाते. मी किती मूर्ख आहे.

पाच वर्षांच्या वह्या तर दोन दिवसांत जमल्या. राहिलं ते चौथं वर्ष, लेकीच्या जन्माचं. तू नको म्हणाली होतीस, पण ते वगळलं तर "सलग" कसं होणार? काल त्या वर्षाचाही एक जण आला. जमीन मोजणीच्या खात्यात आहे. वही नव्यासारखी.

ऑगस्टपर्यंत सगळं माझं. खाली "तपासले" आणि सही. सप्टेंबरात मी घरी, बाळंतीण. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत दर पानावर सही आहे. सही माझीच, पण मी केलेली नाही. सहीच्या वर "तपासले" नाही, "पाहिले" आहे. आणि एका नकाशाखाली लिहिलंय, "नदी डोंगरावर चढली आहे. दमली असेल, तिला खाली उतरव."

असं माझ्या माहितीत एकच माणूस लिहितं.

मी त्या मुलाला विचारलं, तेव्हा तुम्हाला कोण शिकवायचं? तो म्हणाला, नवीन मॅडमच. मध्ये थोडे दिवस दुसऱ्या नवीन मॅडम होत्या, त्या जरा उंच होत्या.

म्हणजे तू ग्रंथालयात जात नव्हतीस. प्राचार्यांनी जागा धरून ठेवली नव्हती, तू धरून ठेवली होतीस. आणि मी सात वर्षं त्यांचे गोडवे तुलाच ऐकवतेय. पण ताई, तू तर तेव्हा तुझ्या कॉलेजात कायम होतीस. रजा घेऊन दुसरीकडे शिकवतेय हे कोणाला कळलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. माझ्या तासांसाठी तू तुझी कायमची नोकरी पणाला लावलीस? मला धड रागही येत नाही आणि धड रडूही. लगेच लिही.

तुझी टिल्लू


४ जुलै

टिल्लू,

नोकरी पणाला लावायला ती असावी लागते.

मी कधीच कायम नव्हते. बाबा आजारी असताना रोज विचारायचे, झालीस का कायम? शेवटी एक दिवस म्हटलं, झाले. त्यांनी उशीवरून मान उचलून आईला हाक मारली. ते तोंड बघितल्यावर खरं कसं सांगणार होते? पुढे ते गेले, आणि ते खोटं माझ्याकडेच राहिलं. तुम्ही सगळे त्याचा अभिमान बाळगत गेलात. दाजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आदेश नाही, म्हणून प्रत नाही. घराला रंगही लावलेला नाही.

तेव्हा मी तासावरच होते, तुझ्यासारखीच. तू ओली बाळंतीण, बाळाला छातीशी धरून म्हणत होतीस, माझी जागा गेली. मी तुमच्या प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, तास रिकामे ठेवता येणार नाहीत, दुसरी बाई बघतो. मी म्हटलं, बघू नका, मीच आहे. त्यांनी नावही विचारलं नाही. वेळापत्रकात "नवीन" होतंच. सही तुझी काढायला मला लहानपणापासून येते, प्रगतिपुस्तकावर बाबांची कोण करत होतं?

मी परत गेले तेव्हा माझे तास दुसऱ्या बाईला दिले होते. मग दुसरं कॉलेज, मग तिसरं. गेली दोन वर्षं तर कुठेच नाही. तेही सांगून टाकते, आता लपवून काय करायचंय?

आणि खरं सांगू? ते तीन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. तुझा वर्ग गोड होता. मला रोज वाटायचं, बाळ अजून थोडे दिवस लहान राहू दे.

आता ऐक. वही लाव आणि गप्प बस. सही तुझी आहे, तारीख आहे. "पाहिले" आणि "तपासले" यातला फरक जगात फक्त तुला कळतो. तू खरं बोललीस तर तीन महिन्यांचा खंड पडेल, सलग राहणार नाही, आणि माझे तीन महिने फुकट जातील. माझ्यावर उपकार कर, एवढं खोटं आणखी चालू दे.

ताई


१२ जुलै

प्रिय ताई,

मी ऐकलं नाही.

दोन दिवस ती वही उशाशी घेऊन होते. लावावी असं शंभरदा वाटलं. ती जागा मला किती हवी आहे हे तुला माहीत आहे. पण प्रत्येक वेळी ती पानं बघितली की वाटायचं, या दाखल्यावर माझं नाव आलं की तू तिथे कधी नव्हतीसच होऊन जाईल. सहा वर्षं तिथे कोणीच नव्हतं असं निघालं तेव्हा मला काय वाटलं ते मी तुलाच लिहिलं होतं ना? ते मी तुझ्याबाबतीत कशी करू?

सगळ्या वह्या हातगाडीवर घालून नेल्या. शिक्काकाकांसमोर चौथ्या वर्षाची वही उघडली आणि म्हटलं, इथून इथपर्यंत माझ्या बहिणीनं शिकवलं आहे. ते म्हणाले, सही कोणाची आहे असं मी विचारलं का? मी म्हटलं, नाही, पण मी सांगतेय. त्यांनी चष्मा काढला (आमच्याच दुकानातला), पुसला, परत घातला. मग म्हणाले, उंच होत्या, त्याच ना? पहिल्याच दिवशी माझ्याकडे खुर्ची मागायला आल्या होत्या. मी म्हटलं, तासावरच्यांना खुर्ची नसते. तर म्हणाल्या, मग माझ्या बहिणीची कुठे आहे ते दाखवा.

तीन दिवस त्यांनी मला तंगवलं. नियमांचं जाड पुस्तक घेऊन बसले होते. काल बोलावलं. प्रसूतीच्या रजेनं सेवेत खंड पडत नाही, हा नियम तासावरच्यांनाही लागू होतो, फक्त आजवर कोणी मागितला नव्हता. आताच्या प्राचार्यांची सही स्वतः जाऊन आणली आणि माझ्यासमोर कुलूप उघडून शिक्का मारला. अकरा वर्षं सलग.

आणि मग दुसरा कागद पुढे सरकवला. तो सोबत जोडतेय. तुझा आहे. तीन महिने, बदली शिक्षिका, भूगोल, तुझं पूर्ण नाव. कार्यालयानं तुझ्या नावाचा उच्चार विचारला होता, काना-मात्रा चुकायला नको म्हणून.

बाबांबद्दल मी रागावलेले नाही. दोन वर्षं एकटीनं घरात बसलीस आणि मला मुलाखतीच्या युक्त्या शिकवत राहिलीस, त्याबद्दल मात्र चांगलीच रागावले आहे. भेटल्यावर भांडू.

टिल्लू


२ ऑगस्ट

ताई, ताई, ताई,

झाली. मी कायम झाले. आदेश माझ्या समोर आहे आणि मी त्याच्यावर पाण्याचा पेला उपडा व्हायच्या भीतीनं पेला खाली जमिनीवर ठेवलाय.

मुलाखतीला पाच जण होते. अध्यक्षबाईंनी माझा दाखला वाचला आणि रजेच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "या तीन महिन्यांत तुमची मुलं काय शिकली?" मी कसनुसं हसणार होते, पण नाही हसले. म्हटलं, तेव्हा माझी बहीण शिकवत होती, आणि पिशवीतून ती वही काढून वाचून दाखवलं, नदी डोंगरावर चढली आहे, दमली असेल. त्या मोठ्यानं हसल्या. मग वही मागून घेतली आणि मागची पुढची सगळी पानं बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, तुमच्याकडे मुलांचं नशीब चांगलं आहे, एका जागेवर दोन बायका.

मग मी बाहेर आले. शिक्काकाकांनी आपली खुर्ची पुढे केली. मी बसले आणि रडले, भरपूर, लाज न बाळगता.

चष्मेवाल्यांनी दुकान दोन तास बंद ठेवलं, गेल्या दहा वर्षांत पहिल्यांदा. लेक विचारते, आता तू सुट्टीतही मॅडम असशील का? हो म्हटलं. सासूबाईंनी शेजारणीला जाऊन सांगितलं, झाली पास.

पण तू काय करतेयस? तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. दाखला मिळाला की नाही?

तुझी, सुट्टीतही तुझीच,
टिल्लू


९ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

दाखला मिळाला. तुझ्या पत्राबरोबरच मिळाला होता. लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचेना. एकोणीस वर्षं, चार कॉलेजं, आणि माझं नाव नीट लिहिलेला हा एकच कागद. दाजींनी त्याला प्लास्टिकचं वेष्टन घातलं आणि मग म्हणाले, आता प्रत काढायची तर हे वेष्टन फाडावं लागेल, हे चुकलंच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांना सांगितलं, माझी बहीण कायम झाली. त्या म्हणाल्या, तुमच्यासारखी? मी म्हटलं, नाही, मी तासावर होते. इतकं सोपं होतं ते. काकूंनी "बरं" म्हटलं आणि चहा प्यायला बसल्या.

आईलाही फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबांना माहीत होतं गं. तुझ्या कॉलेजातून कोणीतरी भेटायला आलं होतं. पण तू इतक्या प्रेमानं बोललीस, त्यांना ते मोडवेना. टिल्लू, मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून राहिले. एवढी वर्षं मी त्यांना जपत होते असं मला वाटत होतं.

तर आज सकाळी उठले, इस्त्रीची साडी नेसले आणि आमच्या गावातल्या नव्या कॉलेजात गेले. तिथे भूगोलाला माणूस हवंय. कायम नाही, तासावरच, पण या वेळी नेमणूकपत्र घेतल्याशिवाय जिना चढायचा नाही असं ठरवलंय. अनुभवाच्या रकान्यात सगळं लिहिलं, एकही वर्ष न वाढवता. कार्यालयाच्या खिडकीतली मुलगी फॉर्म वाचत होती. तिनं वर न बघता विचारलं, "सध्या काय करता?"

दोन वर्षं या प्रश्नाला मी घरीच असते म्हणत आलेय. आज म्हटलं, "शिक्षिका आहे."

तिनं तसंच लिहून घेतलं.

तुझी ताई